हमीपत्रावरची एकच सही

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागून मिळतं. पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. पुढचा हप्ता हवा असेल तर झाडं जगलेली दिसली पाहिजेत. बागायती असतील तर शंभरातली नव्वद, कोरडवाहू असतील तर ऐंशी. म्हणजे कुणीतरी शेतात येऊन झाडं मोजणार, आणि आकडा कमी भरला तर शेतकऱ्याला हप्ता विसरावा लागणार.

यात गैर काही नाही. पैसा सगळ्यांचा आहे, हिशेब झालाच पाहिजे. मला खटकतं ते वेगळंच. आंब्याची बाग हाताशी पैसे द्यायला लागते ती पाचव्या-सहाव्या वर्षापासून. सरकार तिसऱ्या वर्षी हिशेब पूर्ण करून मोकळं होतं. झाड जगवण्याची शेतकऱ्याची जबाबदारी टक्क्यांत लिहिलेली आहे. त्या झाडाला फळ लागेल तेव्हा आपण कसे वागू, याबद्दल सरकार एक अक्षर लिहून देत नाही. हमीपत्र असतं, पण त्यावर सही एकाच बाजूची.

या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे. सरकार जेव्हा माणसाला सांगतं ‘हे लाव, हे बांध, निम्मे पैसे मी देतो’, तेव्हा ते फक्त पैसे देत असतं की शब्दही देत असतं?

महाराष्ट्राला हे ‘लाव’ म्हणणं चांगलं जमतं. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग जोडली गेली. खड्डे खणायची मजुरी सरकारची, कलमांचा खर्च बराचसा सरकारचा. एरवी रोजगार हमीवर खडी फोडणारे हात शेतकऱ्याच्याच बांधावर आले आणि काही लाख हेक्टरांवर आंबा, काजू, डाळिंब, संत्री, चिकू, बोरं उभी राहिली. सरकारी योजना म्हटली की तोंड वाकडं करायची आमच्या पिढीची सवय आहे, पण ही कल्पना खरोखर हुशार होती. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं. फलोत्पादन या सरकारी शब्दाच्या पोटात भाजीपालाही येतो, फुलंही येतात आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा कांदाही येतो.

‘आमच्या’ म्हणजे चाकणच्या. बाहेरच्यांना चाकण म्हटलं की गाड्यांचे कारखाने आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहतूक कोंडी आठवते. पण खेड बाजार समितीचं महात्मा फुले मार्केट यार्ड इथेच आहे आणि कांदा-बटाट्याची आवक ही इथली कारखान्यांपेक्षा जुनी गोष्ट आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागण होते, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. हा उन्हाळी कांदा टिकाऊ. तो बराखीत भरतात. सरकारी कागदावर तिला ‘कांदाचाळ’ म्हणतात, आमच्याकडे बराख. लांबट, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी, जमिनीपासून उचललेली.

बराखीला अनुदान आहे. अनेक वर्षं दर असा होता की २५ टनांच्या चाळीला खर्चाच्या निम्मे, म्हणजे ८७,५०० रुपये मिळायचे. या अनुदानामागचा विचार तपासून पाहा. काढणीच्या वेळी सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. शेतकऱ्याला थांबता आलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, नवा कांदा यायच्या आधी, त्याला बरा भाव मिळेल. शहरालाही वर्षभर पुरवठा राहील. थांबणं फुकट नसतं. चार-पाच महिन्यांत वजन घटतं, काही सडतो, कोंब येतात. भरलेल्या कांद्याचा तिसरा हिस्सा गेला तरी आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पावसाळ्यात बराख फोडायची, सडका वेगळा करायचा, उरलेला पुन्हा लावायचा, याची मजुरी वेगळी. हे सगळं सोसण्याचं कारण एकच, पुढचा भाव. सरकारने त्या बराखीला निम्मे पैसे दिले याचा सरळ अर्थ, सरकारनेच शेतकऱ्याला सांगितलं, ‘थांब, भाव येईल.’

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. तारखेकडे लक्ष द्या. ऑगस्ट म्हणजे बराखीतल्या कांद्याचे दिवस. घट, सड, मजुरी सोसून झालेली होती आणि भाव नुकता हलायला लागला होता. ओरड झाल्यावर तीन दिवसांत नाफेड आणि एनसीसीएफमार्फत २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदी जाहीर झाली. ऑक्टोबर संपताना टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद. आधी ३१ मार्चपर्यंत, मग पुढच्या आदेशापर्यंत. ४ मे २०२४ ला बंदी उठली. आमच्या शिरूर मतदारसंघात १३ मे ला मतदान होतं. यावर मी काही बोलत नाही, बाजारात सगळ्यांनी बोलून झालेलं आहे. शुल्क पुढे सप्टेंबरात २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं.

ही एका सरकारची किंवा एका वर्षाची गोष्ट नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी होती, ती मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी आली. त्याच आठवड्यात, दुसऱ्याच दिवशी, लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. शेतमालाच्या साठ्यावर सरकार ऊठसूट मर्यादा घालणार नाही, कांद्या-बटाट्यासारख्या मालाचा किरकोळ भाव दुप्पट झाला तरच घालेल, असं सांगणारी ही दुरुस्ती. एका हाताने बंदीची अधिसूचना, दुसऱ्या हाताने मोकळीकीचा कायदा, मध्ये एक रात्र. पुढे ते तिन्ही कायदेच मागे घेतले गेले, तो इतिहास वेगळा.

आता दुसरी बाजू. ती कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही, कारण ती बाजू माझ्या घरापासून दोनशे मीटरवर राहते. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारी पोरं एका खोलीत चार-पाच जण राहतात. कुणी बीडचा, कुणी यवतमाळचा, कुणी बिहारचा. शिफ्ट सुटली की स्टोव्हवर डाळ आणि कांद्याची फोडणी, नाहीतर भाकरी-चपातीसोबत नुसता कांदा. कांदा ऐंशी रुपये झाला तर माझ्या ताटात काहीच बदलत नाही, त्यांच्या बदलतं. महागाईच्या निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्कासुद्धा नाही असं अर्थशास्त्रवाले सांगतात, पण निर्देशांक जेवत नाही. सरकार म्हणतं, गरिबाच्या तोंडचा कांदा वाचवायला आम्ही निर्यात थांबवली. हे कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

पण कारण खरं असलं म्हणजे खर्च कुणाच्या नावावर टाकायचा हा प्रश्न मिटत नाही. रेशनचा गहू-तांदूळ बघा. तो स्वस्त, आता तर फुकट मिळतो. त्याचा खर्च अर्थसंकल्पात लिहिलेला असतो. तुमच्या-माझ्या करातून जातो, त्यावर संसदेत चर्चा होते, आकडा वर्तमानपत्रात येतो. भुकेल्याला अन्न देणं हे सगळ्यांचं कर्तव्य मानलं आणि सगळ्यांच्या खिशातून केलं. कांद्याच्या बाबतीत कर्तव्य सगळ्यांचंच राहतं, फक्त खिसा एकाचा होतो. जो योगायोगाने त्या वर्षी कांदा लावून बसला आहे, त्याचा. शिवाय स्वस्त कांदा फक्त त्या खोलीतल्या पाच जणांना मिळत नाही, मलाही मिळतो. दर महिन्याला बरा पगार घेणाऱ्या माणसाच्या भेळेवरचा कांदा स्वस्त राहावा म्हणून खेड तालुक्यातल्या दोन एकरवाल्याने वर्गणी द्यायची, आणि ती वर्गणी कुठल्याच पावतीवर दिसायची नाही. दान देणाऱ्याला निदान नाही म्हणायची सोय असते, आणि करदात्याला कळतं तरी किती गेले. इथे दोन्ही नाही.

आणखी एक. त्या खोलीतली बीडची पोरं आली कुठून? त्यांच्या घरीही शेतीच आहे. पोरगा चाकणमध्ये स्वस्त कांदा खातो आणि पगारातले पैसे गावी धाडतो, कारण बापाचा माल स्वस्तात गेला. शेतकरी आणि ग्राहक असे दोन गट फळ्यावर काढून वाद घालणाऱ्यांना हे एकच घर दोन्ही रकान्यांत लिहावं लागेल.

आता शब्दाच्या प्रश्नाकडे येतो.

१९६८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने जाहीर केलं की नव्या कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफ. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने त्या भरवशावर कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना उभा केला. मग सरकारने शब्द फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की सरकारला असं करता येणार नाही. तुमच्या सांगण्यावर विसंबून समोरच्याने आपली स्थिती बदलली असेल, तर रीतसर करार नसला तरी शब्द पाळावा लागेल. कायद्यात याला प्रॉमिसरी एस्टॉपेल म्हणतात. लोकहिताचं मोठं कारण असेल तर सरकारला सुटका आहे, पण ते कारण सरकारने सिद्ध करायचं. नुसतं ‘लोकहित’ म्हणून भागत नाही.

‘विसंबून आपली स्थिती बदलणं’ याला बराख बांधण्यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही. कायद्याने हे तत्त्व कांद्याला लागू पडेल असा माझा दावा नाही. मी वकील नाही, आणि अनुदानाच्या कागदावर कुठेही ‘निर्यात चालू ठेवू’ असं लिहिलेलं नाही. माझा दावा नैतिक आहे. कारखान्याच्या बाबतीत आपल्याला जे सहज कळतं, ते शेताच्या बाबतीत कळत नाही.

चाकणमध्ये हे समोरासमोर दिसतं. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मोठा उद्योग आला की सामंजस्य करार होतो, पात्रता प्रमाणपत्र मिळतं, कुठली सवलत किती वर्षं हे त्यावर लिहिलेलं असतं. फोक्सवॅगनने २००६ मध्ये राज्य सरकारशी करार केला आणि २००९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. उद्योगांचीही रड असते, सवलतीचे पैसे वेळेवर येत नाहीत वगैरे. पण ‘वेळेवर येत नाहीत’ म्हणायला आधी वेळ ठरलेली असावी लागते. उद्या रस्त्यावर गाड्या महाग झाल्या म्हणून चाकणहून होणारी गाड्यांची निर्यात एका रात्रीत बंद करा, असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढतील. गुंतवणूकदारांचा विश्वास जाईल, असं सांगतील. माझ्या चुलत्यांनी पाच लाख घातले तर ती मात्र गुंतवणूक नाही, ती ‘शेती’.

अमेरिकन कायदेपंडित लॉन फुलर याने १९६४ च्या ‘द मोरॅलिटी ऑफ लॉ’ या पुस्तकात रेक्स नावाच्या एका काल्पनिक राजाची गोष्ट सांगितली आहे. राजा चांगल्या हेतूचा आहे, पण त्याला कायदे करता येत नाहीत. तो आठ प्रकारे फसतो. त्यातला एक प्रकार असा, की तो नियम इतक्या वेळा बदलतो की प्रजेला त्यांच्या आधाराने वागताच येत नाही. फुलरचं म्हणणं, असा राजा वाईट कायदे करतो असं नव्हे, तो कायदेच करत नाही. सरकार आणि नागरिक यांच्यात एक परस्पर देणंघेणं असतं. तुम्ही हे नियम पाळा, तुम्हाला याच नियमांनी वागवू. ते तुटलं की पाळणाऱ्याकडे पाळण्याचं कारण उरत नाही. २०२३-२४ च्या कांद्याचं वेळापत्रक मी वर दिलंच आहे. रेक्सची आठवण यावी असंच ते आहे.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो, कारण मला ते जवळचं आहे. आम्ही एखादी एपीआय बाहेर देतो, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमला आमच्या प्रोग्रॅमशी बोलायचा ठरलेला रस्ता. ती द्यायला कुणी जबरदस्ती केलेली नसते. पण एकदा दिली आणि लोकांनी तिच्यावर आपापलं काम उभं केलं, की ती आमची एकट्याची राहत नाही. बदलायची असेल तर सहा महिने आधी कळवतो, जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवतो, तारीख जाहीर करतो. एखाद्या नवख्याने विचारलं की ‘आपलंच आहे, आज रात्री बदललं तर काय होईल?’, तर त्याला सीनिअर लोक फक्त बघतात. सुरक्षेचं भगदाड सापडलं तर रात्रीत बदल होतो, हे खरं. पण मग दुसऱ्या दिवशी कारण लिहून द्यावं लागतं, आणि दर वर्षी ऑगस्टात भगदाड सापडत असेल तर त्याला आणीबाणी म्हणत नाहीत, रचनेतला दोष म्हणतात.

‘आधी कळवा’ ही मागणी किती साधी आहे बघा. २०१९ च्या बंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. जेवणात कांदा घालू नको असं स्वयंपाक्याला सांगितलंय, असा विनोद करून त्या म्हणाल्या होत्या की असं काही करण्यापूर्वी कळवलंत तर बरं होईल. एका देशाच्या पंतप्रधानांना जे विनोदात गुंडाळून मागावं लागलं, ते खेडच्या शेतकऱ्याने कुणाकडे मागायचं?

इथे शरद जोशींना टाळून पुढे जाणं चाकणच्या माणसाला शक्य नाही. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले, आणि ९ ऑगस्ट १९७९ ला चाकणमध्ये शेतकरी संघटना सुरू झाली. सुरुवातीचं गाजलेलं आंदोलन कांद्याचंच. त्यांचा मुद्दा होता की शेतकऱ्याला अनुदान नको, भीक नको. सरकार त्याचे भाव पाडतं ते थांबवा. एका हाताने दिलेल्या सबसिडीपेक्षा दुसऱ्या हाताने काढून घेतलेलं जास्त असतं, म्हणून त्यांनी ‘उणे सबसिडी’ हा शब्द रूढ केला. बराखीचे ८७,५०० आणि ऑगस्टचं ४० टक्के शुल्क शेजारी ठेवलं की शब्द कळतो.

जोशींचं निदान मला पटतं, औषध अर्धंच पटतं. सरकारने हात काढला की बाजार न्याय देईल, असं त्यांना वाटायचं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, तोलाई-हमाली-भाडं वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाला. तेव्हा निर्यातबंदी नव्हती. तो चेक बाजारानेच लिहिला. त्यानंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे सरकार पडत्या भावात थोडा हात देतं आणि चढत्या भावात पूर्ण हात आवळतं. काही जण म्हणतील, झालं की मग, तोट्यात भागीदार तर नफ्यातही. मला हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण भागीदारीत दोघांचे हिस्से आधी ठरतात. ३५० रुपये तोटा होऊन गेल्यावर ठरले आणि ४० टक्के नफा दिसायला लागल्यावर.

म्हणून मी भाव मागत नाही, मोकळा बाजारही मागत नाही. त्याहून कमी काहीतरी मागतो आहे, आणि तेच अवघड दिसतंय. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने दोन शेजारी शेतकऱ्यांचं उदाहरण दिलं होतं. एकाचं पीक आज तयार, दुसऱ्याचं उद्या. दोघांनी एकमेकांना मदत केली तर दोघांचंही पीक घरात येईल. पण आज मी राबलो तर उद्या तो येईल याची खात्री नाही, म्हणून कुणीच जात नाही आणि दोघांचंही पीक जातं. वचन नावाची गोष्ट माणसाने या अडचणीतून शोधली, असं ह्यूमचं म्हणणं. त्यातला कुणीही शेतकरी दुष्ट नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. सरकार दुष्ट आहे असं धरायची इथेही गरज नाही. त्याचं पीक आज तयार असतं, मतदानाचं किंवा महागाईच्या आकड्याचं, आणि शेतकऱ्याचं उद्या.

यावर खरा आक्षेप असा की कुठल्याही सरकारला उद्याचे हात बांधून घेता येत नाहीत. दुष्काळ पडला, खरिपाचा कांदा पावसात गेला, तर? बंदी घालायचा अधिकार सोडून द्या असं मी म्हणत नाही. अधिकार ठेवा, पण त्याची किंमत वापरणाऱ्याने द्यावी. रस्त्यासाठी जमीन लागली तर सरकार घेतं आणि मोबदला देतं. चाकणमध्ये ती प्रक्रिया न पाहिलेलं गाव सापडणार नाही. मोबदला पुरेसा होता का यावर भांडणं झाली, पण मोबदला द्यायचा असतो यावर नाही. बराखीतला कांदा लोकहितासाठी लागला तर तोही तसाच घ्यावा. गरिबाला स्वस्त द्यायचा तर बाजारभावाने विकत घेऊन द्यावा, आणि तो खर्च अर्थसंकल्पात दिसावा. नाफेडचा साठा आजही असतो. तो शेतकऱ्याकडून बाजारभावाने घेतला आणि त्या पाच जणांच्या खोलीपर्यंत पोचवला, तर त्याला माझी हरकत नाही. भाव पाडायला तो बाजारात ओतला जातो, तिथे माझी हरकत सुरू होते. आणि शुल्क, किमान मूल्य, मर्यादा यांचे नियम हंगामाच्या आधी सांगावेत: अमुक भावाच्या वर गेलं तर अमुक शुल्क लागेल. कडक असले तरी चालतील. कडक नियमाला माणूस बिघा-दोन बिघे कमी लावून उत्तर देऊ शकतो. रात्रीच्या अधिसूचनेला त्याच्याकडे उत्तर नसतं.

याला पैसे लागतील. कांदा स्वस्त ठेवण्याची खरी किंमत पहिल्यांदाच कागदावर येईल, आणि ती बघून कदाचित आपणच म्हणू की एवढं परवडत नाही, होऊ दे कांदा महाग. म्हणूनच ती कागदावर येत नसावी.

चुलत्यांची बराख आता जुनी झाली आहे, लाकडं बदलायला आलीत. नव्या चाळीचा अर्ज ऑनलाइन असतो, तो भरायचं काम घरात माझ्याकडे आहे. कागदपत्रांच्या यादीत सातबारा, आधार, बँक पासबुक, आणि विहित नमुन्यातलं हमीपत्र. चुलत्यांनी विचारलं, “यंदा निर्यात चालू राहील ना रे? तुम्हाला नेटवर कळतं.” मी शोधलं. सध्या चालू आहे, एवढंच कळलं. रोप टाकायला ऑक्टोबर लागतो. तोवर ठरवू, म्हणाले. वाफे मात्र तयार करून ठेवलेत.